दुसऱ्याची घाई

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सचा सामना लागला आणि कॅमेरा सहज छताकडे वळला, की मी २२ नंबर शोधतो. त्यांच्या घरच्या टीडी गार्डनच्या छताला अठरा विजेतेपदांचे अठरा बॅनर टांगलेले आहेत, पांढऱ्या कापडावर हिरवी अक्षरं. शेजारी निवृत्त केलेले, म्हणजे थोरांच्या सन्मानार्थ पुन्हा कुणाला न दिले जाणारे जर्सी क्रमांक. ६ बिल रसेलचा, १७ जॉन हॅवलिचेकचा, ३३ लॅरी बर्डचा. आणि २२ एड मकॉलीचा. मकॉलीने सेल्टिक्सकडून एकही विजेतेपद जिंकलं नाही. खेळाडू उत्तम होता, बॉस्टनकरांचा लाडकाही होता. पण त्याने या संघाचं सगळ्यात मोठं भलं कधी केलं असेल, तर १९५६ साली संघ सोडून जाताना.

त्या वर्षी सेल्टिक्सचे कोच रेड ऑरबॅक यांना सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातला बिल रसेल काहीही करून हवा होता. त्यांच्या संघात बॉब कूझीसारखा जादूगार पासर होता, धावणारे आणि गुण करणारे होते. बास्केटखाली उभं राहून चेंडू मिळवून देणारा माणूस मात्र नव्हता. चेंडूच हातात नसेल तर धावणार काय घेऊन? पण कॉलेजातले नवे खेळाडू संघ दरवर्षी क्रमाने निवडून घेतात तो ड्राफ्ट; मागे पडलेले संघ त्यात आधी निवडतात, आणि निवडीचा हक्क आपसात बदलताही येतो. त्यात पहिली निवड रॉचेस्टर रॉयल्सची होती, दुसरी सेंट लुइस हॉक्सची, आणि सेल्टिक्स बरेच खाली. रॉयल्सकडे रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू मिळवायला, मॉरिस स्टोक्स होताच. शिवाय रसेल मेलबर्न ऑलिंपिकमुळे डिसेंबरपर्यंत यायचा नव्हता, आणि तो पैसे फार मागेल अशी धास्तीही होती. त्यांनी सिह्यूगो ग्रीन नावाचा गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब चेंडू खेळवणारा खेळाडू, घेतला. सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांचा बर्फावरच्या नाचांच्या एका मोठ्या कंपनीशी संबंध होता, आणि रसेलला सोडून द्या, तुमच्या गावात आमचे खेळ लावतो, असं त्यांनी रॉयल्सच्या मालकाला कबूल केलं, असंही सांगतात. खरं असो वा नसो, रॉयल्सचं काम तेवढ्यावर भागलं.

हॉक्सना दुसऱ्या निवडीच्या बदल्यात मकॉली हवा होता. तो मुळचा सेंट लुइसचाच, तिकिटं त्याच्या नावावर खपली असती. मकॉलीचा लहान मुलगा आजारी होता, त्यालाही घरी परतायचं होतं. हॉक्सनी जोडीला क्लिफ हेगन मागितला, ऑरबॅकनी तोही दिला. रसेल बॉस्टनला आला. त्याच ड्राफ्टमधून टॉम हाइनसन आणि के. सी. जोन्सही आले. एकाच वर्षी तिघं, आणि तिघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत.

हॉक्सवाले मूर्ख होते असं मात्र मला अजिबात वाटत नाही. १९५७च्या फायनलला (आधी चार सामने जिंकेल तो विजेता) हेच दोन संघ भिडले. सातवा सामना, दोनदा जादा वेळ, आणि सेल्टिक्स १२५-१२३ने जिंकले. पुढच्या वर्षी रसेलचा घोटा दुखावला, बॉब पेटिटने सहाव्या सामन्यात ५० गुण ठोकले आणि हॉक्सनी ट्रॉफी नेली. म्हणजे सौदा दोन वर्षांत वसूल झाला. त्यांना जे लगेच हवं होतं ते त्यांना लगेच मिळालं. फक्त त्यानंतर आजतागायत दुसरं विजेतेपद मिळालेलं नाही, अटलांटाला बस्तान हलवूनही.

सेल्टिक्सचा इतिहास मी जितका वाचत गेलो तितकी एक गोष्ट पक्की होत गेली. हा संघ थोरांच्या वारशावर उभा आहे असं म्हणतात, तसा तो आहेही. पण त्या वारशाच्या मुळाशी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी घाई आहे. कुणाला यंदाच तिकिटं खपवायची होती, कुणाला यंदाच जिंकायचं होतं, कुणाला तयार खेळाडू हवा होता. ऑरबॅक त्या घाईचं गिऱ्हाईक शोधत फिरत.

आणि नशीब? तेही होतंच. कूझी ऑरबॅकना नकोच होता. १९५० साली शिकागोचा संघ बुडाला, त्याच्या तीन खेळाडूंच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि तीन संघांनी त्या उचलल्या. बॉस्टनच्या वाट्याला उरलीसुरली चिठ्ठी आली, ती कूझीची. ब्राउनसाहेबांचं तोंड उतरलं होतं म्हणतात.

रॉयल्सची पुढची गोष्ट आपल्या जवळची आहे म्हणून सांगतो. तो संघ रॉचेस्टरहून सिनसिनाटीला गेला, तिथून कॅन्सस सिटीला आणि शेवटी सॅक्रमेंटोला. नाव झालं किंग्ज. २०१३ साली तो घेतला विवेक रणदिवे यांनी, जन्म मुंबईचा. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, ते याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यातले. म्हणजे रसेलला नको म्हणणाऱ्या संघाचा वारस आपल्या वरळीत खेळून गेला. त्यांचं एकमेव विजेतेपद १९५१चं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पुढे मोठा तारा झालेला लुका डॉन्चिच समोर असताना त्यांनी मार्विन बॅगली उचलला. काही घराण्यांत काही सवयी उतरतातच.

माझा भाचा लॉस एंजेलिस लेकर्सचा, सेल्टिक्सच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा चाहता. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "मामा, तुझ्या त्या अकरा ट्रॉफ्या ब्लॅक अँड व्हाइट आहेत. आठ टीम होत्या तेव्हा. आठ टीममध्ये तर आमची सोसायटीपण फायनलला जाईल."

तो चिडवतो, पण मुद्दा बिनतोड आहे. रसेलने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं जिंकली, १९५९ ते १९६६ सलग आठ. तो आला तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते, १९६९ साली निवृत्त झाला तेव्हा चौदा. सुरुवातीच्या वर्षांत प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, दोन मालिका जिंकल्या की मुकुट तुमचा. आज तीस संघ आहेत, चार फेऱ्या, सोळा विजय लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेव्हा खेळाडूला करार संपल्यावरही आपल्या मर्जीने संघ बदलता येत नसे. ऑरबॅकनी माणसं एकदा जमवली की ती जमलेलीच राहत. खेळाडू ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने चाललेला खटला १९७६मध्ये मिटला आणि ते दार हळूहळू उघडलं. जुन्या घराणेशाहीचा निम्मा पाया हा खेळाडूंच्या बांधिलकीइतकाच त्यांच्या बांधलेपणाचाही होता. हे बॅनरवर लिहिलेलं नसतं.

तरी अकरा म्हणजे अकरा. आठ संघांतल्या बाकीच्या सातांनाही तीच सोय होती. फरक रसेल होता. तो समोरच्याचा चेंडू अडवून प्रेक्षकांत भिरकावत नसे. हलकेच थोपटून आपल्याच माणसाच्या दिशेने ठेवायचा, आणि तिथून कूझी सुटायचा. बचावातूनच हल्ला सुरू व्हायचा. तेव्हा असे अडवलेले चेंडू (ब्लॉक) मोजतच नसत, ती नोंद १९७३-७४पासून सुरू झाली. त्यामुळे त्याच्या कामातला सर्वांत मोठा भाग कुठल्याच तक्त्यात नाही. नोंदीत उरले ते सामन्यागणिक साधारण १५ गुण आणि साडेबावीस रिबाउंड. आजच्या पोराने नुसता १५चा आकडा पाहिला तर तो म्हणेल, एवढंच?

दुसरी एक गोष्ट मला या छताकडे पाहताना नेहमी टोचते. त्या सुवर्णकाळात जुनं बॉस्टन गार्डन भरत नसे. त्याच इमारतीत खेळणारा आइस हॉकीचा ब्रुइन्स संघ तळाला लोळत असायचा, तरी गर्दी त्याला. सेल्टिक्सनी १९५० साली चक कूपरला निवडलं, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६४च्या डिसेंबरात लीगमध्ये पहिल्यांदा पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात केली, ती सेल्टिक्सनी. १९६६ साली रसेल लीगचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला, आणि खेळता खेळता कोच राहून दोन विजेतेपदं जिंकला. पण त्याच बॉस्टनजवळ रीडिंग गावात त्याच्या घरात लोक घुसले, सामान फोडलं, भिंतींवर शिव्या लिहिल्या, बिछाना घाण करून गेले. १९७२ साली त्याचा ६ नंबर वर चढवायचा ठरला, तेव्हा तो म्हणाला, प्रेक्षक आत येण्याआधी उरका. रिकाम्या गार्डनमध्ये, जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षीने तो समारंभ झाला. आज ज्या परंपरेच्या नावाने टी-शर्ट विकले जातात, तिच्या मुख्य माणसाला त्या गावाशी हिशेब असा मिटवावा लागला. पूर्वजांची बरोबरी करायची म्हणताना नेमकी कशाची करायची, हे म्हणून एवढं सरळ नाही.

सत्तरीतली दोन विजेतेपदं, १९७४ आणि १९७६, मी इथे भराभर ओलांडतो. ती डेव्ह काउन्स आणि हॅवलिचेकच्या घामाची आहेत, सौद्याची कमी.

१९८० साली ऑरबॅकनी, आता कोच नव्हे तर व्यवस्थापक म्हणून, पुन्हा तेच केलं. पहिल्या क्रमांकाची निवड त्यांच्या हातात होती. गोल्डन स्टेट वॉरियर्सना जो बॅरी कॅरल हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, ताबडतोब हवा होता. ऑरबॅकनी पहिला आणि तेरावा क्रमांक त्यांना देऊन बदल्यात रॉबर्ट पॅरिश आणि तिसरा क्रमांक घेतला. तिसऱ्यावर केव्हिन मॅकहेल आला. लॅरी बर्डला तर त्यांनी १९७८लाच निवडून ठेवलं होतं, तो कॉलेजचं शेवटचं वर्ष खेळून येईपर्यंत वर्षभर थांबले होते. बाकीच्यांना वर्षभर थांबणं परवडत नव्हतं म्हणून बर्ड सहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. १९८१, १९८४, १९८६. शेवटच्या वर्षी तर नेहमीच्या हंगामात घरच्या ४१ सामन्यांत एकच पराभव.

आणि त्याच १९८६च्या जूनमध्ये सगळं उलटलं. विजेत्या संघाकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती, सिअॅटलशी केलेल्या जुन्या सौद्यातली. १७ जूनला त्यांनी मेरीलँडचा लेन बायस घेतला. १९ जूनला कोकेनमुळे बायस गेला. बावीस वर्षांचा होता. १९९३मध्ये कर्णधार रेगी लुइस सरावात कोसळला आणि गेला, सत्ताविसाव्या वर्षी. त्याचाही ३५ नंबर छताला आहे, विजेतेपदाशिवाय. व्यवस्थापनाची पुस्तकं लिहिणारे या दोन मृत्यूंचं काय करतात कोण जाणे. संयम, दूरदृष्टी, सौदे सगळं होतं. पुढचं विजेतेपद यायला बावीस वर्षं लागली.

त्या बावीस वर्षांत घाईची पाळी बॉस्टनवर आली. १९९६-९७मध्ये संघ आपटला, १५ विजय आणि ६७ पराभव. आशा एकच होती, कॉलेजातला हिरा टिम डंकन. ड्राफ्टचा पहिला क्रमांक आता मागे पडलेल्या संघांमध्ये लॉटरीने ठरत होता. त्या लॉटरीत सेल्टिक्सची दोन नावं होती, तरी चेंडू सॅन अँटोनियोचा निघाला. बॉस्टनला तिसरा आणि सहावा क्रमांक मिळाला. तिसऱ्यावर घेतलेल्या चॉन्सी बिलप्सला नवे कोच रिक पिटिनो यांनी पहिल्याच हंगामात, अर्धशतकभर सामने खेळवून, विकून टाकलं. २००४ साली हाच बिलप्स डेट्रॉइटकडून फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पिटिनोंना सगळं लगेच हवं होतं, आणि डोक्यावरचे सोळा बॅनर त्यांना रोज तेच सांगत असणार.

मार्च २०००मध्ये टोरांटोने शेवटच्या क्षणी हरवल्यावर त्यांचा तोल गेला. पत्रकारांसमोर ते जे बोलले त्याचा मथितार्थ असा, की लॅरी बर्ड त्या दारातून आत येणार नाहीये. मॅकहेल येणार नाहीये, पॅरिश येणार नाहीये. आणि आलेच तरी म्हातारे होऊन, केस पिकवून येतील. बॉस्टनमध्ये या बोलण्याची अजून टिंगल होते. मला मात्र पिटिनोंच्या सगळ्या कारकिर्दीतलं ते एकमेव शहाणं वाक्य वाटतं. त्यांनी ते स्वतः आधी ऐकायला हवं होतं, इतकंच.

२००७ची गोष्ट माझ्या म्हणण्यात बसत नाही, म्हणून ती टाळणं बरं नाही. त्या हंगामाच्या तोंडावर ऑरबॅक वारले होते. संघ सलग १८ सामने हरला होता. लॉटरीत पुन्हा नशीब फिरलं, पाचवा क्रमांक आला. व्यवस्थापक डॅनी एंज यांनी मग थांबणंच सोडून दिलं. पाचवा क्रमांक देऊन रे ॲलन आणला, आणि पाच खेळाडू व दोन निवडी देऊन मिनेसोटाचा केव्हिन गार्नेट. (मिनेसोटाचा कारभार तेव्हा मॅकहेल पाहत होता, एंजचा जुना सहकारी. बॉस्टनबाहेर या सौद्याबद्दल काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) पॉल पिअर्स घरचाच होता. तिघंही तिशीच्या आसपासचे किंवा पलीकडचे. ही शुद्ध घाई होती, आणि ती फळली. २००८च्या फायनलचा शेवटचा सामना लेकर्सविरुद्ध १३१-९२. पण एकदाच. २०१०ला त्याच लेकर्सनी सातव्या सामन्यात ८३-७९ने हरवलं. तिशीतले गुडघे घराणं उभं करत नाहीत.

पंचांग घेऊन बसणाऱ्यांसाठी एक गंमत. बायसची निवड झाली १७ जूनला. २००८चं विजेतेपद १७ जूनला. २०१०चा पराभव १७ जूनला. आणि २०२४चंही विजेतेपद १७ जूनलाच. आपल्याकडे तेव्हा १८ची सकाळ झाली होती आणि माझा चहा दोनदा गार झाला.

त्या २०२४ची पेरणी २०१३ची. ब्रुकलिन नेट्सचे रशियन मालक मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी पाच वर्षांत विजेतेपद आणतो असं जाहीर करून ठेवलं होतं. एंजनी त्यांना ३७ वर्षांचा गार्नेट आणि पस्तिशीतला पिअर्स विकले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८च्या पहिल्या फेरीतल्या निवडी, वर २०१७ला क्रमांक अदलाबदलीचा हक्क. नेट्सनी त्या दोघांच्या जिवावर प्लेऑफची एक फेरी जिंकली. मग ते कोसळले, आणि ते जितके हरत तितकं बॉस्टनचं भलं होई. २०१६चा तिसरा क्रमांक म्हणजे जेलन ब्राउन. २०१७ला तर अजब झालं: पूर्व विभागात अव्वल ठरलेल्या संघाच्या हातात ड्राफ्टचा पहिला क्रमांक. एंज तिथेही दोन पायऱ्या खाली उतरले. फिलाडेल्फियाला मार्केल फुल्ट्झ हवा होता. त्यांच्याकडून तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक निवड घेतली, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम उचलला.

ब्राउनचं नाव पुकारलं तेव्हा गार्डनमध्ये जमलेल्या बॉस्टनकरांनी हुर्यो उडवली होती, कारण त्यांना तयार तारा हवा होता. टेटम आणि ब्राउन एकत्र जिंकू शकत नाहीत, एकाला विका, हे पालुपद वर्षानुवर्षं चाललं. २०२२ला फायनल हरले, २०२३ला मायामीविरुद्ध सातवा सामना घरच्या मैदानावर हरले. तरी ब्रॅड स्टीव्हन्स यांनी ती जोडी फोडली नाही. आधी कोच असलेले स्टीव्हन्स २०२१पासून व्यवस्थापक झाले होते. त्यांनी जोडीभोवतीची माणसं बदलली: डेरिक व्हाइट, ख्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, ड्रू हॉलिडे, पुन्हा बोलावलेला आल हॉरफर्ड. लाडक्या मार्कस स्मार्टला निरोप देताना गाव हळहळलं. हंगामात ६४ विजय, प्लेऑफमध्ये १६ विजय नि फक्त ३ पराभव, डॅलसविरुद्धचा शेवटचा सामना १०६-८८, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ब्राउन, ज्याची हुर्यो उडवली होती तो.

त्या संघातली मला सर्वांत आवडलेली बाब अगदी किरकोळ आहे. सेल्टिक्सनी इतके नंबर निवृत्त केलेत की नवीन खेळाडूला घालायला उरतंच काय. एक आकडी नंबरांपैकी १, २, ३, ५, ६ छताला आहेत. १ मालक ब्राउन यांचा, २ ऑरबॅकचा. दोघंही कधी या संघातून खेळले नाहीत. मग उरले ०, ४, ७, ८, ९. टेटम ०, हॉलिडे ४, ब्राउन ७, पोर्झिंगिस ८, व्हाइट ९. सुरुवातीचे पाचही खेळाडू नेमके तेच. वाडवडिलांनी जे शिल्लक ठेवलं ते अंगावर घालून ही पोरं जिंकली.

आणि वर्षभरात तो संघ मोडला. मे २०२५मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध टेटमच्या टाचेची शीर तुटली. पण ती तुटली नसती तरी संघ अखंड राहिला नसता. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३च्या नव्या करारात वेतनावरच्या एका उंच रेषेपलीकडे गेलात तर नुसता दंड नाही, ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करण्यावरच बंधनं येतात. पुढच्या हंगामाचा पगार आणि कर मिळून खर्च ५० कोटी डॉलरच्या आसपास जाईल असा अंदाज होता. त्या उन्हाळ्यात हॉलिडे पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला, हॉरफर्ड वॉरियर्सकडे. लीगला हेच हवं आहे. २०१९ ते २०२५ सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले. सलग आठ सोडाच, सलग दोन जमवणंही आता नियमांच्या विरुद्ध पोहणं आहे.

भाच्याने लगेच विचारलं, "मामा, आता तरी ब्राउनला विकायला हवं ना?" मी म्हटलं, विकत कोण घेतंय ते आधी बघ, आणि त्याला किती घाई आहे ते. त्यावर तो म्हणाला, हल्ली हा धडा बॉस्टनपेक्षा ओक्लाहोमावाले जास्त चांगला गिरवतात. ते मला मान्य करावं लागलं. २०१९मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सना कवाय लेनर्ड हवा होता, आणि लेनर्डला जोडीला आणखी एक तारा. तो तारा, पॉल जॉर्ज, ओक्लाहोमा सिटी थंडरकडे होता. क्लिपर्सनी त्याच्यासाठी तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर दिला आणि वर पहिल्या फेरीतल्या पाच निवडी, अदलाबदलीचे हक्क वेगळे. त्यातल्या एका निवडीतून पुढे जेलन विल्यम्स आला. २०२५मध्ये थंडर विजेते झाले, गिल्जस-अलेक्झांडर हंगामाचाही सर्वोत्तम आणि फायनलचाही. क्लिपर्सनी तोवर एकदाही फायनल गाठली नव्हती. त्यांची २०२६ची निवड थंडरच्या वाट्याला यायची तेव्हाही बाकीच होती.